कोकची अग्निपरीक्षा

सोन्याचा कस पाहायला सराफाजवळ कसोटीचा दगड असतो. कोकचा कस कसा पाहावा, असे विचारले तर माझ्यासारखा मराठीचा अध्यापक म्हणेल, “पेटवून पाहावा!” पण पोलादाच्या कारखान्यातील रसायनज्ञाचे तेवढ्याने भागत नाही.

दगडी कोळसा हवा लागू न देता हजार-अकराशे अंश सेल्सियसपर्यंत तापविला की त्यातील वायू व डांबर निघून जाते. मागे उरतो तो करडा, सच्छिद्र कोक. १७०९ साली इंग्लंडात कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने त्यावर लोखंड गाळले. झोतभट्टीत कोक उष्णता देतो, खनिजातला प्राणवायू ओढून घेणारा वायू पुरवितो आणि वरचा सारा भार तोलून धरतो. पहिली दोन कामे काही अंशी कोळशाची भुकटीही करते. तिसरे मात्र कोकनेच करावे. त्याचा चुरा झाला की वायूच्या वाटा बुजतात आणि भट्टी गुदमरते.

म्हणून ही परीक्षा. एक ग्रॅम भुकटी झाकणाच्या मुशीत ९०० अंशांवर ७ मिनिटे ठेवली की, ओल वजा जाता, उडून जाणारा भाग किती ते कळते. दुसरा नमुना हवेत पूर्ण जाळला की राख कळते. शेगडीतली राख आपण झाडून टाकतो. भट्टीतली राख चुनखडीच्या साहाय्याने वितळवून मळीच्या रूपाने काढावी लागते, आणि तेवढ्यासाठी आणखी कोक खर्ची पडतो. आपल्या झरियाच्या कोळशाचे दुखणे हेच! त्यात राख फार. म्हणून आपले कारखाने ऑस्ट्रेलियाचा कोळसा मागवून त्यात मिसळतात.

मग बळाची पारख. ‘मायकम’ चाचणीत ५० किलो कोक पोलादी पिंपात घालून शंभर फेरे देतात आणि चाळून पाहतात. चाळीस मिलिमीटरहून मोठे तुकडे किती टिकले, दहाहून बारीक चुरा किती झाला, यावर गुण ठरतात.

पण हा झाला थंड कोक. भट्टीत त्याला भार सोसायचा असतो तो तापलेल्या वायूंनी कुरतडले जात असताना. जपानमध्ये चालत्या झोतभट्ट्या थंड करून आतून तपासल्या गेल्या, तेव्हा कोकचे आतले हाल दिसले. त्यानंतर रुळलेल्या चाचणीत साधारण २० मिलिमीटरचे २०० ग्रॅम तुकडे ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायॉक्साइडच्या झोतात ठेवतात. वजन किती घटले ते पाहतात, आणि उरलेल्या कोकला पिंपात सहाशे फेरे देतात. त्यातून शेकडा साठाहून अधिक भाग धड राहिला, तर तो कोक मोठ्या भट्टीच्या कामाचा.

अग्निपरीक्षा हा शब्द आपण सीतामाईमुळे शिकलो. ती अग्नीतून अबाधित बाहेर आली. कोकला ते भाग्य नाही. त्याला झिजावे तर लागतेच; परीक्षक पाहतो ते एवढेच, की झिजतानाही तो भार पेलतो की नाही.