गोवराचं घराणं
मैत्रिणींनो, ‘गोवर काय, निघतो नि जातो,’ असं म्हणू नका! २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात साथ पसरली, तेव्हा लेकरं दगावली.

साथ आली कुठून, याचा माग आता विषाणूवरूनच काढतात. सोयरीक जुळवताना आपण घराणं पाहतो ना, तसंच! आपल्या पुण्यात तर १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. घशातल्या नमुन्यातून विषाणूची जनुकीय अक्षरं वाचतात. ती सुमारे १६ हजार. त्यांतल्या ४५० वरून घराणं कळतं. सगळी वाचली, तर दोन वस्त्यांतली साथ एकाच साखळीतली का, याचाही अंदाज येतो.

घराणं मात्र कुठलंही असो, लस तीच चालते. पहिला डोस ९ महिने पुरे होताच, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. बाळाचं कार्ड आजच काढून बघा!