पळ्ळिकरणैचे राखणदार

चेन्नईच्या दक्षिणेस, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारतींना लागून पळ्ळिकरणैची दलदल पसरली आहे. अशा भूमीसाठी तमिळमध्ये ‘कळुवेली’ हा स्वतंत्र शब्द आहे. महसुली दप्तराने मात्र तिच्याकडे दीर्घकाळ पडीक म्हणूनच पाहिले. पडीक जमिनीचे जे होते तेच येथेही झाले. पाच हजार हेक्टरांहून मोठ्या असलेल्या या पाणथळीत पेरुंगुडीचा कचरा डेपो आला, रस्ते आले, निवासी संकुले आली आणि सरकारी संशोधन संस्थाही आल्या.

जे उरले, ते प्रामुख्याने स्थानिक अभ्यासक आणि रहिवासी यांच्या चिकाटीमुळे उरले. २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘केअर अर्थ ट्रस्ट’ या संस्थेने दलदलीची पाहणी केली, तिच्या सीमा आणि प्रवाह कागदावर आणले आणि परिसरातील नागरिकांच्या मागणीला पुराव्याचे बळ दिले. २००७ मध्ये ३१७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये सुमारे १,२४७ हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक डॉ. जयश्री व्यंकटेशन यांना २०२५ मध्ये पाणथळींच्या सुज्ञ वापरासाठीचा रामसर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

परंतु गौरव म्हणजे अधिकार नव्हे. पळ्ळिकरणै ही केवळ पक्ष्यांची वसती नाही. सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरच्या पाणलोटाचे ते तळ आहे. दक्षिण चेन्नईतील कित्येक तलावांचे पाणी एकातून दुसऱ्यात उतरत येथे येते आणि ओक्कियम मडुवू या प्रवाहातून बकिंगहॅम कालव्यात व पुढे कोवळमच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. समुद्राला भरती असेल, तर हा निचरा मंदावतो. अशा वेळी दलदलीने पाणी धरून ठेवायचे असते. ती आक्रसली की तेच पाणी वेळाचेरीच्या घरांत शिरते.

आता कारभार पाहा. दलदलीचा संरक्षित भाग वन खात्याकडे, वरचे तलाव जलसंपदा विभागाकडे किंवा स्थानिक संस्थांकडे, कचरा महापालिकेकडे, बांधकाम परवानगी महानगर विकास प्राधिकरणाकडे. ‘सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ हा शेरा प्रशासनात वावरलेल्या कोणालाही पाठ असतो. पाण्याला कक्षा कळत नाहीत. संपूर्ण पाणलोट एकसंध पाहणारे कोणी असेल, तर ती स्थानिक संस्था. आणि निर्णयाच्या टेबलावर हक्काची खुर्ची नाही तीही तिलाच.

२०१७ च्या पाणथळ नियमांनी प्रत्येक राज्यात प्राधिकरण निर्माण केले, त्यात तज्ज्ञांना स्थान दिले. पुढे केंद्राने ‘वेटलँड मित्र’ ही कल्पनाही मांडली. मित्र हा शब्द गोड आहे. परंतु मित्राला नस्ती पाहता येत नाही, हरकत नोंदवली तरी तिचे कारणांसह उत्तर मिळण्याची हमी नसते. माझ्या मते एवढी तरी सुधारणा व्हावी: पाणलोटातील कोणत्याही मोठ्या परवानगीपूर्वी मान्यताप्राप्त स्थानिक संस्थेस सूचना द्यावी, तिच्या अभिप्रायाचे ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे आणि पाणीपातळी व प्रवाहांच्या मोजणीसाठी तिला सार्वजनिक निधी मिळावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण पीठाने २०२५ मध्ये रामसर क्षेत्र आणि त्याभोवतीच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यातील नव्या परवानग्या सीमानिश्चिती होईपर्यंत रोखल्या. हे काम न्यायाधिकरणापर्यंत जावेच का लागावे?

‘अशा संस्थांना निवडले कोणी?’ हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. त्याचे एक उत्तर चेन्नईहून फार दूर नसलेल्या उत्तरमेरूर येथे दगडात कोरलेले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या परांतक चोळाच्या काळात, तेथील सभेने तलावाच्या देखरेखीसाठी सहा सदस्यांची ‘एरि-वारियम’ नेमण्याचे नियम केले. चिठ्ठ्या टाकून निवड, एक वर्षाची मुदत; पूर्वी समितीवर असताना हिशेब न देणारा तर अपात्र होताच, त्याचे जवळचे नातलगही अपात्र. ती सभा जमीनधारक ब्राह्मणांची होती, तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र ज्यांच्या हाती पाणी त्यांच्याकडे हिशेब, हे सूत्र तिला ठाऊक होते. उलट, १८५८ च्या मद्रास सक्तीच्या श्रमाच्या कायद्याने ‘कुडिमरामत्तू’ या गावकऱ्यांच्या सामूहिक डागडुजीच्या प्रथेतील श्रम सक्तीचे केले आणि निर्णय सरकारकडे ठेवला. आजच्या ‘लोकसहभागा’त त्या कायद्याची छाया मला अनेकदा दिसते.

संस्थेची भूमिका वाढवताना तिच्या मेजाभोवती कोण बसते, हेही तपासावे लागेल. २०१५ च्या पुरानंतर अड्यार नदीकाठच्या झोपड्या हटवून अनेक कुटुंबांना पेरुंबाक्कमला हलवले गेले. पेरुंबाक्कम याच दलदलीच्या सखल पूरप्रदेशात आहे. पुरापासून वाचवण्यासाठी ज्यांना हलवले, त्यांच्या दाराशी आता दुसरे पाणी येते. कोणत्या पावसात ते किती चढते, हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगणार? मासेमार आणि गुरे चारणारे यांच्याबरोबर या कुटुंबांचे प्रतिनिधीही समितीत हवेत, आणि तेही मतदानाच्या अधिकारासह.

ठाणे खाडीलाही २०२२ मध्येच रामसर दर्जा मिळाला आहे. तिच्या काठावरील मच्छीमार आणि निसर्ग-संस्था यांना व्यवस्थापन आराखड्यात कोणते स्थान आहे, हा प्रश्न मुंबईतही विचारता येईल.