प्रतबंदी : सोळा आण्यांची काळी आणि आमची वरकस

जमिनीच्या प्रतवारीचा विषय निघाला की इंग्रज अमदानीतल्या प्रिंगल या अधिकाऱ्याच्या फसलेल्या जमीनमोजणीपासून सुरुवात करायची चाल पडली आहे. ती हकिगत इथे सांगत नाही. खरे काम उभे राहिले ते १८३५ साली इंदापुरात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हातून. आणि १८४७च्या संयुक्त अहवालाने त्याला नियमांची बैठक दिली. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी ती सोळा आणे, म्हणजे पूर्ण प्रतीची. खोली घटली की आणे घटायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाझर असा एकेक दोष निघाला की जमीन एकेक वर्ग खाली उतरायची. प्रतबंदीचा कारकून शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात खोली पाही आणि दोषांच्या खुणा नकाशावर मांडी. त्या कारकुनाविषयी मला आजही आदर वाटतो, कारण तो माती उकरून बघत होता.

पण मोजपट्टी देशावरची होती. कोकणात भातजमिनीपुरते निकष बदलले, पाण्याचा विचार आला. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन, मात्र प्रतवारीच्या तळाशीच राहिली.

पुढे अमेरिकेत स्टोरी या मृदाशास्त्रज्ञाने १९३३ साली प्रत ठरवण्याची गुणाकाराची रीत आणली. मातीचा छेद ५० टक्के, पोत ८०, उतार ९० असेल तर गुण ३६. एक घटक शून्यावर आला की बाकीचे कितीही चांगले असोत, जमीन शून्य. जमिनीची क्षमता आठ वर्गांत मांडणाऱ्या १९६१च्या अमेरिकी पद्धतीवर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. मी तिथे थांबत नाही.

माझा जीव जडला तो रिकिए, ब्रामाओ आणि कॉर्ने यांनी १९७० साली जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी मांडलेल्या पद्धतीवर. ओल, निचरा, खोली, पोत, क्षार, सेंद्रिय द्रव्य असे घटक तीही गुणतेच. पण हंगामी पिकांचा हिशोब वेगळा आणि झाडांचा वेगळा ठेवते. शिवाय जमीन आज काय देते आणि सुधारल्यावर काय देईल, असे दोन आकडे मांडते. बांध फुटलेल्या खारजमिनीला याहून न्याय्य माप नाही.

पिकांचा आणि झाडांचा हिशोब वेगळा का हवा, ते पाहायला रत्नागिरीतला कुठलाही डोंगर सड्यावरून उतरत या. वर उघडा कातळ, खाली नाचणी-वरीची वरकस, मग भाताची कुर्याट, तळाला गाळाचे मळे आणि खाडीलगत खारी खाजण. वरकशीत खड्डा घ्या. वर वीतभर तांबूस, रवाळ, खड्यांची माती. खाली फुटका जांभा. माती आम्ल, स्फुरद लोह-ॲल्युमिनियमने धरून ठेवलेले, पाणी टिकत नाही. भातासाठी ही जमीन दोन आण्यांचीही नाही. पण त्याच जांभ्याच्या भेगांतून हापूसची मुळे खोल जातात, पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबत नाही, आणि पाऊस सरल्यावर बसणारा ताण मोहोराला मानवतो. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि याच तळाच्या प्रतीच्या जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. जमीन तीच होती. आपली मोजपट्टी चुकली होती.

नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे आले की प्रत कळली, असे म्हणणारी मंडळी आहेत. त्यांच्याशी माझे जुने भांडण आहे. २०१५पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. खतासाठी ते उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण खोली त्यात नाही, निचरा नाही, कातळ किती हातांवर लागतो तेही नाही. खत विकत आणता येते, खोली आणता येत नाही.

आज परिस्थिती अधिक बिघडली आहे. जेसीबी लावून उतार सपाट करतात, वरची वीतभर माती भरावात गाडली जाते आणि उघड्या पडलेल्या मुरमावर कलमे लावतात. प्रत ठरवणारे नवे अभ्यासक उपग्रहाच्या नकाशावर रंग भरतात. कुदळ हाती घेणारे विरळ झाले.

माझ्या मागण्या दोनच आहेत. कोकणातल्या प्रत्येक सर्व्हे नंबराला भाताची आणि झाडांची अशा दोन वेगळ्या प्रती द्याव्यात. आणि वाचकहो, जमीन घेण्याआधी किंवा कलमे लावण्याआधी उताराच्या वर, मध्ये आणि खाली कमरेइतका एकेक खड्डा घ्या. सातबाऱ्यावर न लिहिलेली प्रत तिथे दिसते.