विश्लेषण : नवरा-बायकोची फारकत झाली, तर बापाची मुलाशीही होते का? कायदा काय सांगतो?

संसार मोडून बाप वेगळा राहू लागला, की ‘लेकराला टाकून गेला’ हे वाक्य गावात लगेच फिरते. काही बाप खरोखर टाकून जातात. काही जण फक्त न टिकणारा संसार सोडतात. मुलाची फी, औषधपाणी आणि भेट मात्र चुकवत नाहीत. बाहेरून दोन्ही घटना सारख्या दिसतात. कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुसदपासून वणीपर्यंत कुठल्याही घराला लागू होणारे हे नियम काय आहेत आणि ते कुठे अपुरे पडतात, हे समजून घेऊ.

घर सोडणे हा गुन्हा आहे का?

नाही. पत्नीपासून वेगळे राहणे किंवा घटस्फोट मागणे हा गुन्हा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार दोघांच्या संमतीने घटस्फोट घेता येतो. पूर्णपणे मोडलेला विवाह घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली संपवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १ मे २०२३ रोजी स्पष्ट केले.

मुलाला ‘टाकून देणे’ हा मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार, १२ वर्षांखालील मुलाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेही टाकणाऱ्या आई किंवा वडिलांना ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आईजवळ सुरक्षित असलेल्या मुलाचा बाप वेगळा राहायला गेला, तर हे कलम सहसा लागत नाही. तिथे प्रश्न वेगळा असतो : पुढच्या महिन्यापासून मुलाचा खर्च कोण करणार?

खर्चाची जबाबदारी कधी संपते?

घटस्फोटाने तर संपत नाहीच. पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. ते सर्व धर्मांच्या आणि समाजांच्या लोकांना लागू आहे. ऐपत असूनही अल्पवयीन मुलाला पोसण्यात कसूर करणाऱ्या बापाला न्यायदंडाधिकारी दरमहा रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतात. आदेश मोडल्यास वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मात्र थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.

मुस्लिम बापावरही मुलांच्या पोटगीची ही जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितले आहे. हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० नुसार, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी ती १८ वर्षांची झाल्यावरही राहते. वडिलोपार्जित शेतीतला मुलांचा वाटाही आई-वडिलांच्या घटस्फोटाने बुडत नाही.

नागपूरच्या खटल्याने काय बदलले?

यवतमाळ जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो. याच खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला, ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखला जाणारा खटला आज देशभर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात आधाराला घेतला जातो.

या प्रकरणात घर सोडले होते ते पत्नीने, जानेवारी २०१३ मध्ये, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. नागपूर कौटुंबिक न्यायालयाचा आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये आला : पत्नीला दरमहा १५ हजार, मुलाला सुरुवातीला ५ हजार आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १० हजार रुपये. पती उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. अंतिम शब्द ४ नोव्हेंबर २०२० रोजी आला. तोवर मुलगा जवळपास आठ वर्षांचा झाला होता. उंबरठा कोणी ओलांडला, यावर मुलाची पोटगी ठरली नाही.

इतका वेळ लागू नये म्हणून न्यायालयाने नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र द्यायचे. पोटगी आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मोजायची. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण धरायचे. शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करायचा; आईची कमाई पुरेशी असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यायचा.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात शपथपत्राची अट विशेष महत्त्वाची आहे. कोळसा खाणीतल्या कामगाराची पगारचिठ्ठी दाखवता येते. कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र हंगामाला येते आणि बरेचसे रोखीत असते. ‘काहीच पिकले नाही’ हे कधी खरे असते, कधी सबब. सातबारा, कर्जाचा बोजा आणि बँकेचे व्यवहार समोर आले, तरच न्यायालयाला फरक करता येतो.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी चालते का?

गावात चार लोक बसतात, स्टॅम्प पेपरवर मजकूर लिहिला जातो, एकरकमी पैसे दिले जातात आणि ‘यापुढे मुलावर हक्क नाही, खर्चही नाही’ अशी ओळ टाकली जाते. समाजात तशी जुनी रूढी असल्याचे सिद्ध झाले तरच अशा फारकतीला कायद्याचा आधार मिळतो. मुलाबद्दलची ती ओळ तर टिकतच नाही. पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आई सही करून तो सोडू शकत नाही आणि बाप पैसे देऊन तो विकत घेऊ शकत नाही.

लग्नच झाले नसेल तर?

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागातील कुमारी मातांचा प्रश्न जिल्ह्याला नवा नाही. लग्नाचे आमिष दाखवून आदिवासी, विशेषतः कोलाम मुलींना फसवले गेले आणि मूल झाल्यावर पुरुष निघून गेले, हे अनेक वर्षे बातम्यांत आले आहे. ‘बाप सोडून गेला’ हे शब्द इथे पूर्ण अर्थाने खरे ठरतात. तिथे संसार मोडला नाही, तो मांडलाच गेला नव्हता.

कलम १४४ मध्ये विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाचाही स्पष्ट उल्लेख आहे. पितृत्व नाकारले गेल्यास न्यायालय डीएनए चाचणीचा आदेश देऊ शकते. चाचणी टाळणाऱ्याविरुद्ध तसा निष्कर्षही काढू शकते. अविवाहित आईला बापाचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले. अडचण अशी, की आदेश मिळाला तरी बजावायला माणूस सापडावा लागतो.

भेटीचा हक्क कोणाचा?

पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. पण ताबा आईकडे गेला म्हणजे बापाचे नाते संपले, असे नाही. मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि अगदी टोकाची परिस्थिती नसेल तर एका पालकाशी संपर्क तोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले. लांब राहणाऱ्या पालकासाठी व्हिडीओ कॉलचा पर्यायही त्या निकालात आहे. पुण्याला कंपनीत कामाला गेलेल्या दारव्ह्याच्या बापाला याचा उपयोग होऊ शकतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद आणि भेट नाही म्हणून पोटगी बंद, हा हिशेब अनेक घरांत चालतो. दोन्हीकडून नुकसान मुलाचेच होते.

दाद कुठे मागायची?

पती दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात पोटगीचा अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका समितीकडून मोफत वकील मिळतो; हेल्पलाइन १५१००. मूल संकटात असेल तर १०९८. एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत करावा लागतो.

कायदा कुठे थांबतो?

पैसे वसूल करण्यासाठी वॉरंट आहे, जप्ती आहे, तुरुंग आहे. भेटू इच्छिणाऱ्या बापाला न्यायालय दिवस आणि वेळ ठरवून देते. पण भेटायलाच न येणाऱ्या बापाला मुलासमोर आणून बसवण्याचे कलम नाही. म्हणून बापाने मुलाला सोडले की नाही, हे घटस्फोटाच्या कागदावरून ठरत नाही. ते ठरलेल्या रविवारी तो आला का, शाळेच्या पालकसभेत दिसला का आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला का, यावरून कळते.