वाऱ्यावरचा व्यवसाय

पुणें-मुंबई लोहमार्गावरील कामशेत हें मावळांतील बाजाराचें गांव. पावसाळा सरला म्हणजे ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत आसपासच्या टेकड्यांवरून रंगीबेरंगी कापडी पंख तरंगतांना दिसतात. या खेळास पॅराग्लायडिंग म्हणतात. तो कसा जन्मास आला आणि त्यावर चरितार्थ कसा चालतो, ही हकीकत खेळाइतकीच मनोरंजक आहे.

नवा खेळ बहुधा जुन्या खेळाच्या पोटीं जन्म घेतो. कॅलिफोर्नियांत समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या तरुणांनीं, लाटा नसत त्या दिवशीं, फळीला चाकें लावून ती रस्त्यावर चालविली, तोच स्केटबोर्ड. परंतु धातूचीं व मातीचीं चाकें खड्यावर अडत आणि स्वार पडे. १९७० नंतर फ्रँक नॅसवर्दी यानें युरेथेनचीं चाकें बाजारांत आणलीं, तेव्हां मंदावलेला हा धंदा पुन्हा उभा राहिला.

पॅराग्लायडिंगची कथाहि अशीच. पतंग बनविणाऱ्या डोमिना जालबर्ट यानें १९६४ मध्यें अमेरिकेंत, हवेनें फुगणाऱ्या कप्प्यांच्या कापडी पंखाच्या पेटंटसाठीं अर्ज केला. विमानांतून उड्या घेणारांनीं असले पंख उचलले. पण विमानाचें भाडें भारी! तें वांचविण्यासाठीं १९७८ मध्यें फ्रान्समधील मियुसी गांवीं बेताँ, बोन व बोसाँ या तिघांनीं डोंगरउतारावरून धांवत जाऊनच झेप घेतली. काटकसरींतून एक खेळ निघाला.

कामशेत येथें १९९७ मध्यें संजय व अ‍ॅस्ट्रिड राव या दांपत्यानें ‘निर्वाणा अ‍ॅडव्हेंचर्स’ ही संस्था काढली. अवी व अनिता मलिक यांची ‘टेंपल पायलट्स’ ही संस्थाहि येथें हेंच शिक्षण देऊं लागली. दोन मोठ्या शहरांचें सान्निध्य आणि उघड्या टेकड्या हें या व्यवसायाचें भांडवल. पण मुख्य भांडवल वाराच.

वारा उतारावर समोरून आदळला म्हणजे वर चढतो व त्या चढत्या हवेवर पंख तरंगतो. पंखास यंत्र नाहीं. त्याचा स्वतःचा वेग ताशीं सुमारें ३५ किलोमीटर. समोरचा वारा तितकाच झाला तर पंख जागींच खिळतो. त्याहून वाढला तर स्वार टेकडीच्या पाठीमागील भोवऱ्यांत ओढला जाण्याचा धोका असतो. म्हणून आधीं वाऱ्याचा वेग मोजावयाचा, दिशा पाहावयाची, आणि मगच झेपेची आज्ञा द्यावयाची.

येथेंच या व्यवसायाची कसोटी आहे. इतर दुकानदार गिऱ्हाइकास रिकाम्या हातीं दवडीत नाहीं. येथें मात्र सुटी काढून, पैसे भरून आलेल्या माणसास टेकडीवरून पायीं खालीं उतरविण्याचा प्रसंग येतो. त्या दिवसाचें उत्पन्न बुडतें. पण पत राहते, आणि पतीहून मोठा असा जीव राहतो. आपल्या मुलामुलींस तेथें पाठवितांना वडील मंडळींनीं दर विचारण्यापूर्वीं, ‘वारा वाढला तर काय करतां?’ एवढें विचारावें. ‘त्या दिवशीं उडत नाहीं’ असें उत्तर जेथें मिळेल, तेथेंच मूल सोंपवावें.