अक्षरं स्वच्छ, म्हणूनच शंका

शिवराई विकायला आणणारा माणूस ती तळहातावर ठेवतो आणि कौतुकाने म्हणतो, “बघा, ‘श्री राजा शिव’ कसं सगळं वाचता येतंय!” मुरलेला संग्राहक नेमका तिथेच सावध होतो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाचा सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी चलनात आली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री, राजा, शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र, पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. ती पाडायची रीत साधी होती: तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवायचा आणि वरून घण घालायचा. ठसा बहुधा तुकड्याहून मोठा, घाव माणसाच्या हातचा. त्यामुळे कुठे ‘श्री’चा माथा कडेबाहेर जातो, कुठे ठिपके एकाच अंगाला उरतात. नकली नाणं मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी घडवलेलं असतं. अक्षरं कशी मधोमध, नीट बसवलेली. गंमत अशी, की नवखा माणूस ‘सिव’ असं कोरलेली शिवराई अशुद्ध म्हणून नाकारतो. हाताने कोरलेल्या ठशांवर असे फरक सर्रास आढळतात!

बहुतेक नकला साच्यात ओतलेल्या. भिंग लावलं की पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोलसर वाटतात, काठावर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा सापडतात. दोन नाणी शेजारी ठेवावीत. दोन्हींवर तोच खड्डा आणि तीच चीर असेल, तर विषय संपला. फरशीवर वाजवून ‘खणखणीत की बद्द’ हे ठरवण्यावर फार विसंबू नये. चिरलेलं अस्सल नाणंही बद्दच वाजतं.

होनाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. सोनं तांब्याच्या दुपटीहून जड, त्यामुळे मुलामा दिलेलं तांबं त्याच आकारात निम्म्याहून हलकं भरतं. वजन जुळवायचं तर ते जाड करावं लागतं. सराफाचा काटा इथे पुरतो. अस्सल होन मुळातच इतके दुर्मीळ, की कुणी स्वस्तात देऊ केला तर काट्यापर्यंतही जायला नको.

नाण्याबरोबर एक गोष्टही विकली जाते. अलिबाग-रेवदंड्याकडे ती बहुधा अशी: ‘वाडीत नारळाचं आळं खणताना हंडा लागला.’ १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. म्हणजे गोष्ट खोटी तर नाणं संशयित, आणि खरी तर व्यवहारच अडचणीचा.

हिरवा कळकही बनवता येतो. आम्ल लावून नवं तांबं आठवडाभरात ‘जुनं’ होतं. पण लावलेला कळक बऱ्याचदा नखाने पावडरीसारखा सुटतो, मुरलेला धातूला चिकटून राहतो.

एक फसवणूक यांपैकी कशातच सापडत नाही. शिवराई महाराजांनंतर पेशवाईतही पाडली जात होती. तेव्हाचं अस्सल नाणं ‘थेट महाराजांच्या काळचं’ म्हणून चढ्या भावाने खपतं. इथे धातू खरा, ठसा खरा, खोटं असतं ते फक्त वय. ते ओळखायला अक्षरांचं वळण आणि ठिपक्यांची ठेवण बघावी लागते. आणि घरी आणल्यावर हौसेने चिंच-मीठ लावून लखलखीत केलेल्या शिवराईवर नेमकं तेच पुसट झालेलं असतं.