साहित्याची तिथी

2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आले. पुढच्या वर्षी श्रावण अधिक पडला आणि तेच लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरपर्यंत लांबले. पंचांगातील ही 19 दिवसांची तफावत घराघरांतून फार तर फराळाचा बेत ठरवताना ध्यानात येते. परंतु महाराष्ट्रात अशी अनेक लहानमोठी कार्यालये आहेत, की जेथे वर्ष उजाडताच दिनदर्शिकेची शेवटची पाने उलटून दिवाळीची तारीख पाहून ठेवली जाते, आणि त्या तारखेपासून मागे मोजत मोजत लेखकाने मजकूर केव्हा द्यावा, चित्रकाराने मुखपृष्ठ केव्हा पुरे करावे, कागद केव्हा उचलावा आणि छपाईला हात केव्हा घालावा याचा जाबता तयार होतो. अधिक मासाचे वर्ष या कार्यालयांना मुदतवाढीचे वाटते. त्याच्या पुढची, दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणारी दिवाळी ऊर फुटेस्तोवर धावायला लावते.

ही कार्यालये दिवाळी अंकांची. ज्या संस्थेला घटना नाही, अध्यक्ष नाही, मध्यवर्ती कचेरी नाही आणि तरीही जी शंभराहून अधिक वर्षे सालाबादप्रमाणे आपले काम चोख बजावीत आली आहे, अशी मराठीतील साहित्यसंस्था कोणती, असे मला कोणी विचारले तर मी विनासंकोच दिवाळी अंकाचे नाव घेईन. मराठी समाजाने या अंकाच्या रूपाने आपल्या साहित्याला एक तिथी दिली. प्रतिभेला मुहूर्त नसतो हे खरे. परंतु मुहूर्ताला जे काम उभे राहते ते एरवी मनातल्या मनातच विरून जाते, हा लग्नकार्यापासून पेरणीपर्यंतचा आपला सर्वांचा अनुभव लेखनालाही लागू पडतो, आणि मराठी कथेचा गेल्या शतकाचा इतिहास या एका गोष्टीवाचून नीट उलगडत नाही, अशी माझी धारणा आहे.

या प्रथेचे जनकत्व काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्याकडे जाते. मूळचे आजगावकर, पण 'मित्र' या नावानेच ओळखले गेलेले हे बंगाली साहित्याचे चाहते गृहस्थ 1895 पासून 'मनोरंजन' मासिक चालवीत होते. विलायती नियतकालिकांचे नाताळचे विशेषांक त्यांच्या पाहण्यात होते, आणि त्याच धर्तीवर आपल्या वाचकांसाठी त्यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्याच्या अगोदर 1905 साली 'मित्रोदय' मासिकाने दिवाळीनिमित्त विशेष मजकूर दिला होता, आणि काही अभ्यासक पहिलेपणाचा मान त्याला देतात. हा मान कोणाकडेही जावो; रिवाज पडला तो 'मनोरंजन'च्या उदाहरणाने.

कल्पना परकी खरी, पण ती रुजली ती येथल्या जमिनीच्या गुणाने. शरद ऋतूत पीक हाती येऊ लागते, शाळा-कचेऱ्यांना सुट्या पडतात, माहेरवाशिणी आणि मुंबईचे चाकरमाने घरी येतात, हाती चार पैसे असतात आणि दुपारी वेळ असतो. त्यातच व्यापाऱ्याचे नवे साल पाडव्याला सुरू होते. वहीपूजन करणारा पेढीवाला याच दिवसांत आपले नाव लोकांपुढे ठेवायला उत्सुक असतो, आणि त्याच्या जाहिरातीतून कागदाचा, छपाईचा व लेखकाच्या मानधनाचा खर्च निघतो. वाचकाची फुरसत आणि व्यापाऱ्याची गरज एकाच पंधरवड्यात गाठली जावी, हा योग वर्षात दुसऱ्या कोणत्याही सणाला जुळून येत नाही.

त्या काळच्या कथेवर याचा जो परिणाम झाला तो विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'करमणूक' पत्रात कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत आणि लहान कथेला 'स्फुट गोष्ट' म्हणत, 'मनोरंजन'मध्ये वि. सी. गुर्जर प्रभृतींनी एका अंकात आरंभ होऊन त्याच अंकात समाप्त होणारी 'संपूर्ण गोष्ट' लोकप्रिय केली. दिवाळी अंकाला तर अशाच गोष्टीची गरज होती. जो अंक वर्षातून एकदाच येतो त्यात 'अपूर्ण' हा शब्द छापता येत नाही. म्हणून मोठी जागा, एकच बैठक आणि हमखास वाचक या तिहींच्या आश्रयाने पुढे दीर्घकथा वाढली, आणि कालांतराने अंकाच्या पोटात आख्खी कादंबरी देण्याची चाल पडली.

अंक कसा घडतो हे ज्याने जवळून पाहिले नाही त्याला त्याच्या किमतीची कल्पना येणार नाही. ज्येष्ठात, पाऊस लागायच्या सुमारास, संपादकांची निमंत्रणपत्रे लेखकांना जातात. श्रावणात स्मरणपत्रे जातात. गणपती उठले की पत्रांची जागा तगादे घेतात, आणि पितृपक्षात लेखक मिळेल तेथे त्याला गाठले जाते. खिळ्यांच्या छपाईच्या काळी हा तगादा नुसत्या आतुरतेपोटी नसे. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांच्यामुळे देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे रोमन जुळाऱ्याच्या कितीतरी पट अधिक खाने पसरलेले असत, आणि तरीही कोणत्याही छापखान्याजवळ सबंध अंक एकदम जुळवून उभा करता येईल इतके खिळे नसत. एका फर्म्यात 16 पृष्ठे धरली तर 240 पृष्ठांच्या अंकाचे 15 फर्मे होतात. पहिला फर्मा छापून उतरावा, त्याचे खिळे सोडून, धुऊन, एकेक करून आपापल्या खान्यात परत टाकावे, तेव्हा पुढल्या फर्म्याची जुळणी सुरू व्हावी, असा तो क्रम असे. त्यामुळे एका कथाकाराने आपला शेवट चार दिवस अडवून धरला की त्याच्या मागचे कवी, समीक्षक आणि वार्षिक भविष्य लिहिणारे ज्योतिषी हे सगळेच अडत. आणि प्रुफात एखाद्या चोखंदळ लेखकाने एक विशेषण वाढवले की त्या शब्दापासून परिच्छेदाच्या अखेरपर्यंतच्या साऱ्या ओळी जुळाऱ्याला चिमट्याने पुन्हा ढकलाव्या लागत. दसऱ्याला यंत्रांना झेंडूची माळ चढे, तेवढाच दिवस ती थांबत. त्यानंतर वसुबारसेपर्यंत छापखान्यात रात्र आणि दिवस यांत भेद राहत नसे.

गिरगावातील खटाववाडीत 'मौज' आणि 'सत्यकथा' यांच्या अंकांचे काम ज्या कसोशीने चाले तिची आठवण अनेक लेखकांनी लिहून ठेवली आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे कथा वाचून लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, कोठे सूर ढळला ते दाखवीत, पुनर्लेखन करवून घेत. आणि तारखेचा ताण कितीही असला तरी पदरात आलेला मजकूर जसाच्या तसा छापून मोकळे व्हावे असे त्यांना वाटत नसे. तिथी पाळायची आणि कस सोडायचा नाही, हे दोन्ही एकाच वेळी साधणे किती अवघड आहे हे ज्याने एकदा तरी अंक काढला आहे त्यालाच समजेल.

अंकाचे पहिले दर्शन मात्र चित्राचे. येथे मराठी वाचक गोव्याच्या दोन सुपुत्रांचा ऋणी आहे. दीनानाथ दलाल यांनी 1945 साली स्वतःचे 'दीपावली' काढले आणि मुखपृष्ठ ही वेष्टनापुरती बाब न ठेवता घरी जपून ठेवण्याजोगी कलाकृती केली. रघुवीर मुळगावकरांनी रंगाच्या फवाऱ्याने साधलेल्या मुलायम कांतीच्या देवता आणि ललना तर अंकांवरून निघून चौकटीत बसल्या आणि भिंतींवर गेल्या. असे एक रंगीत चित्र छापायचे म्हणजे पिवळा, तांबडा, निळा आणि काळा अशा चार रंगांचे चार ठसे करून तोच कागद चार वेळा यंत्रावर चढवावा लागे, आणि त्यांतला एक ठसा केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग तिच्या गालावर उतरे.

मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने याच कारागिरीला विनोदाच्या कामी लावले. त्याच्या 'खिडक्या' प्रसिद्ध आहेत: पानाला कापून पाडलेल्या चौकटीतून मागच्या चित्राचा एवढासा तुकडा दिसतो, तो पाहून वाचकाच्या मनात नको ती शंका येते, तो घाईने पान उलटतो, आणि समोर एक अगदी साधा घरगुती प्रसंग निघतो. बोटभर जागेतली ही करामत साधण्यासाठी चित्रकाराला दोन चित्रे एकमेकांच्या मापाने रेखाटावी लागतात, आणि कापणी, घडी व शिवण या तिन्हींतून गेल्यावरही खिडकी आपल्या जागेवरच उघडेल अशी काळजी बाइंडिंगखान्यात घ्यावी लागते. गंमत वाचकाची, पण तिच्यामागचा हिशेब सोनाराच्या तराजूचा.

बाकीच्या पसाऱ्याचा नुसता उल्लेख पुरे. 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'ने मध्यमवर्गीय घरांत नवे विचार नेले, अनंत अंतरकरांच्या 'हंस'ने आणि 'नवल'ने अद्भुताची आवड जोपासली, 'साधना'ने सामाजिक प्रश्न मांडले, मुलांसाठी 'आनंद' होता आणि 1971 पासून 'किशोर' आहे. पाककला, ज्योतिष, आरोग्य, भटकंती यांचे स्वतंत्र अंक निघतात, आणि दृष्टिहीन वाचकांसाठी ब्रेल लिपीतही दिवाळी अंक निघाला आहे, ही मला या साऱ्या परंपरेतील अत्यंत समाधानाची गोष्ट वाटते.

दरसाल शेकड्यांनी निघणाऱ्या या अंकांत निकृष्टही पुष्कळ असतात, हे मान्य केलेच पाहिजे. जाहिराती मिळाल्या म्हणून अंक काढायचा आणि मधल्या जागा भरण्यासाठी मजकूर गोळा करायचा, हा प्रकार मला मनापासून खटकतो. त्याचप्रमाणे एकाच दिवाळीत दहा ठिकाणी दहा कथा देणारा नामांकित लेखक दहाव्या ठिकाणी वाचकाला काय देत असेल, याचाही त्याने विचार करावा असे वाटते. कागदाचे आणि टपालाचे दर वाढतात, वर्षभर निघणारी मासिके एकामागून एक बंद पडतात, आणि कित्येकांचा केवळ दिवाळी अंकच तेवढा उरतो. 1933 साली सुरू झालेली 'सत्यकथा' 1982 मध्ये थांबली, 'मौज'चा दिवाळी अंक मात्र निघत राहिला. घराण्यातली इतर सारी व्रते सुटावीत आणि एकच कुळाचार टिकावा, त्यातला हा प्रकार आहे. 2020 च्या साथीच्या वर्षी वाचनालयांना कुलुपे होती, वितरण विस्कळीत होते, तरीही पुष्कळ संपादकांनी पाने कमी करून, काहींनी नुसते संगणकावर वाचण्याजोगे अंक काढून, ती दिवाळी चुकवली नाही. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे.

परंतु अंक टिकला तो केवळ संपादकांच्या जिद्दीवर नव्हे. विकत घेऊन सगळे अंक वाचणे कोणालाच परवडत नाही, आणि म्हणून वाचनालयांची दिवाळी अंक योजना ही या संस्थेची दुसरी बाजू आहे. थोडी जादा वर्गणी भरली की दिवाळीपासून होळीपर्यंत सभासदाला एकामागून एक अंक घरी नेता येतात. आमच्या गावच्या वाचनालयात भाऊबीज झाली की लांबलचक टेबलावर अंकांची रास पडे. ग्रंथपाल, ज्यांना सगळा गाव नाना म्हणे, प्रत्येक अंकाला खाकी कागदाचे कव्हर घालून, पाठीला दाभणाने दोन टाके मारून, आत तारखांची चिठ्ठी डकवीत बसत, आणि ते काम पुरे होईतो कोणालाही अंकाला हात लावू देत नसत.

एका वर्षी, माघ असावा, मी आणलेल्या अंकातील दीर्घकथेचे शेवटचे पानच नव्हते. त्याच्या पाठीवर विणकामाचा नमुना छापलेला होता, एवढे अनुक्रमणिकेवरून कळत होते. मी दुसऱ्या दिवशी अंक घेऊन गेलो.

"नाना, शेवटचं पान फाडलंय कुणीतरी."

नानांनी चष्मा वर करून फाटलेली कड बोटाने चाचपली. "आठ दिवस थांबा. अंक माझ्याकडं राहू दे," एवढेच ते म्हणाले.

आठ दिवसांनी अंक हाती आला तेव्हा त्या जागी आखीव कागदाचे एक पान खळीने चिकटवलेले होते. गावातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो अंक घरी विकत घेतला होता. त्यांच्या प्रतीवरून त्यांनी सबंध पान निळ्या शाईत, वळणदार अक्षरांत, छापील ओळीला ओळ मिळवून उतरवून काढले होते. विणकामाचा नमुनाही मागच्या बाजूला टाक्यांच्या संख्येसह होता. एके ठिकाणी त्यांनी शब्दाखाली रेघ ओढून समासात बारीक अक्षरांत लिहिले होते: 'छापील अंकात येथे "दिन" असे आहे, "दीन" हवे.'

अंक परत केला तेव्हा चिठ्ठीवर तारखांसाठी पाच-सहा ओळी कोऱ्या होत्या. आषाढात, योजना संपून तो अंक साध्या कपाटात गेल्यावर, मी तो पुन्हा काढून पाहिला. दमट हवेने पाने फुगली होती, निळी शाई कडेला किंचित पसरली होती, आणि जुन्या चिठ्ठीच्या खाली नानांनी दुसरी चिठ्ठी डकवलेली होती.